परिचर्या महाविद्यालयातील नव्या अध्यापिकेसाठी मार्गदर्शन-व्यवस्था

परिचर्या शिक्षणातील अध्यापिकेला वर्गात आणि वॉर्डात अशा दोन ठिकाणी शिकवावे लागते आणि या दोन्ही ठिकाणांची रीत वेगळी असते. वर्गात झालेली चूक पुढच्या तासाला दुरुस्त करता येते. वॉर्डात मात्र विद्यार्थिनीच्या हातात सिरिंज असते, समोर खरा रुग्ण असतो, शेजारी नातेवाईक उभे असतात आणि रुग्णाची सुरक्षितता व विद्यार्थिनीचे शिकणे या दोहोंचा तोल अध्यापिकेला त्याच क्षणी सांभाळावा लागतो. एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात परिचर्या शिक्षण हा विषय असतो आणि त्यात पाठनियोजन, सूक्ष्म अध्यापन व सरावपाठ यांचा समावेश असतो. परंतु परीक्षकांसमोर घेतलेले मोजके सरावपाठ आणि दहा विद्यार्थिनींची तुकडी घेऊन सकाळी सर्जिकल वॉर्डात उभे राहणे यांत जे अंतर आहे, ते पदवी भरून काढत नाही. बहुतेक महाविद्यालयांत हे अंतर नवी अध्यापिका एकटीने, इतरांचे पाहून आणि ठेचा खात पार करते. हे पहिले वर्ष सुकर व्हावे यासाठी मार्गदर्शक कोणाला नेमावे, त्याने काय करावे आणि काय कटाक्षाने टाळावे, याचा विचार येथे प्रामुख्याने महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांच्या संदर्भात केला आहे. या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी असल्याने लेखात अध्यापिका हा शब्द वापरला असला, तरी पुरुष अध्यापकांनाही हे विवेचन तितकेच लागू आहे.

अमेरिकी परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या ग्रंथात परिचारिकेच्या कौशल्याचे पाच टप्पे मांडले आहेत : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या बंधूंनी वैमानिक आणि बुद्धिबळपटू यांच्या अभ्यासातून जे प्रतिमान तयार केले होते, तेच बेनर यांनी परिचर्येला लावून पाहिले. एका क्षेत्रात तज्ज्ञ असलेली परिचारिका अनोळखी क्षेत्रात गेली की पुन्हा नवशिकी ठरते, हे त्यांच्या मांडणीतील निरीक्षण अध्यापनाच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेली अधिपरिचारिका पाठ्यनिर्देशिका म्हणून, म्हणजे ट्यूटरच्या पदावर, रुजू होते तेव्हा ती रुग्णाच्या खाटेशी तज्ज्ञ असते आणि फळ्यापाशी नवशिकी. शिवाय तज्ज्ञाचा हात पायऱ्या न मोजता चालतो आणि विद्यार्थिनीला तर नेमक्या त्या पायऱ्याच हव्या असतात. त्यामुळे जिचे काम पाहून सगळे थक्क होतात, तिला तेच काम सुटे करून शिकवता येईल असे नाही. याच्या उलट स्थिती नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या तरुण अध्यापिकेची असते. तिच्या हाताशी सिद्धान्त असतो, पाठनियोजन असते, परंतु वॉर्डातील जुन्या सिस्टर पहिल्याच आठवड्यात तिची पारख करतात आणि ती कमी पडली की विद्यार्थिनींसमोरच ते दाखवूनही देतात. या दोघींना एकाच साच्यातील मार्गदर्शन उपयोगी पडणार नाही. पहिलीला अध्यापनाची भाषा हवी असते, दुसरीला वॉर्डात पाय रोवण्यासाठी आधार हवा असतो.

मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली ‘रिअॅलिटी शॉक’ या पुस्तकात, शिक्षण संपवून रुग्णालयात आलेल्या परिचारिकेला प्रत्यक्ष कामाचा जो धक्का बसतो आणि ज्यामुळे अनेकजणी व्यवसायच सोडतात, त्याचे वर्णन केले होते. रुग्णालयातून महाविद्यालयात येणाऱ्या अध्यापिकेलाही असाच धक्का बसतो, मात्र त्याची दखल सहसा घेतली जात नाही, कारण वरवर पाहता तिची बढती झालेली असते.

मार्गदर्शक कोण आणि कोण नाही

मार्गदर्शक, म्हणजे महाविद्यालयांत ज्याला सर्रास मेंटॉर म्हटले जाते तो, ही अशी अनुभवी व्यक्ती असते जी दुसऱ्या व्यक्तीच्या व्यावसायिक वाढीची जबाबदारी स्वेच्छेने आणि दीर्घकाळासाठी घेते. कॅथी क्रॅम यांनी १९८५ सालच्या ‘मेंटॉरिंग अॅट वर्क’ या अभ्यासात मार्गदर्शकाची दोन प्रकारची कार्ये सांगितली आहेत. पहिली कार्ये कारकिर्दीशी निगडित असतात, म्हणजे संधी मिळवून देणे, योग्य लोकांशी ओळख करून देणे, अवघड प्रसंगी पाठीशी उभे राहणे आणि आव्हानात्मक काम सोपवणे. दुसरी मनोसामाजिक असतात, म्हणजे स्वतःच्या वागण्यातून आदर्श दाखवणे, स्वीकार करणे, ऐकून घेणे आणि मैत्री देणे. परिचर्या महाविद्यालयांत पहिल्या प्रकारचे काम थोडेफार होते, दुसऱ्याला मात्र वेळ मिळत नाही.

मार्गदर्शकाची गल्लत आणखी तीन भूमिकांशी होते. उद्बोधन वर्ग घेणारा नव्या व्यक्तीला संस्थेचे नियम, रजेचे अर्ज आणि विभागांची ओळख करून देतो आणि त्याचे काम काही दिवसांत संपते. प्रिसेप्टर ही विशिष्ट वॉर्डात, ठरावीक मुदतीत, ठरावीक कौशल्ये हाती येईपर्यंत सोबत राहणारी अनुभवी परिचारिका असते. पर्यवेक्षकाकडे अधिकार असतो. तो कामाचे मूल्यमापन करतो आणि गोपनीय अहवाल लिहितो. मार्गदर्शकाजवळ यांपैकी कोणताही अधिकार असू नये. ज्याच्या शेऱ्यावर पुढची वेतनवाढ किंवा कराराचे नूतनीकरण अवलंबून आहे, त्याच्यासमोर कोणतीही शहाणी व्यक्ती ‘हे मला येत नाही’ असे म्हणणार नाही, आणि ते वाक्य बोलता येणे ही तर मार्गदर्शनाची पहिली अट आहे. म्हणून विभागप्रमुखाला किंवा प्राचार्यांना मार्गदर्शक नेमण्याची जी सोयीची प्रथा आहे, ती सरळ बंद करावी.

महाराष्ट्रात एक वेगळी अडचणही आहे. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी आणि मेंटॉर यांचे गुणोत्तर विचारले जात असल्याने महाविद्यालयांत ‘मेंटॉर-मेंटी’ म्हटले की शिक्षक आणि विद्यार्थी हीच जोडी डोळ्यांसमोर येते. त्याची यादी, नोंदवह्या आणि सह्या तयार असतात. परंतु जी अध्यापिका पंधरा-वीस विद्यार्थिनींची मेंटॉर म्हणून कागदावर असते, तिला स्वतःला कोणी मेंटॉर आहे का, हा प्रश्न तपासणीत विचारला जात नाही आणि म्हणून महाविद्यालयही तो विचारत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिक्षकांची संख्या, पात्रता आणि अनुभवाची वर्षे ठरवतात, बी.एस्सी. नर्सिंगसाठी दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच निकषांतले आहे. १९४७ च्या परिषदेच्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. निकष कोणीही ठरवले, तरी अनुभवाची वर्षे मोजणे आणि त्या वर्षांत अनुभव खरोखर येणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची जबाबदारी महाविद्यालयाचीच राहते.

धोरणाच्या पातळीवर मात्र या विचाराला आधार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय शिक्षकांना अल्प व दीर्घ मुदतीचे व्यावसायिक साहाय्य देण्यासाठी ज्येष्ठ आणि निवृत्त अध्यापकांचा समावेश असलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शन अभियानाची कल्पना मांडली आहे आणि त्यात भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्या अध्यापकांचाही उल्लेख आहे. अमेरिकेतील नॅशनल लीग फॉर नर्सिंग या संस्थेने तर २००६ सालीच परिचर्या अध्यापकांच्या मार्गदर्शनाविषयी स्वतंत्र भूमिकापत्र प्रसिद्ध केले आणि मार्गदर्शनाची गरज केवळ नवख्यांना नसून कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर असते, असे म्हटले.

जोडी जुळवताना

मार्गदर्शक आणि नवी अध्यापिका यांचा विषय एकच असावा, असा आग्रह अनेकदा धरला जातो. तो पूर्णपणे चुकीचा नाही, परंतु त्याला दुय्यम स्थान द्यावे. मानसिक आरोग्य परिचर्या शिकवणारी अनुभवी अध्यापिका बालरोग परिचर्येच्या नव्या अध्यापिकेला वर्ग हाताळणे, प्रश्नपत्रिका काढणे, तुकडीचे नियोजन करणे हे सर्व उत्तम शिकवू शकते. विषयाचा भाग राहतो तेवढ्यासाठी त्या वॉर्डातील परिसेविकेची, म्हणजे सिस्टर इन-चार्जची, दुसरी मार्गदर्शक म्हणून मदत घ्यावी. या दुहेरी रचनेचा आणखी एक लाभ असा की महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्यात जो जुना दुरावा असतो, म्हणजे ‘कॉलेजवाल्या पुस्तकी’ आणि ‘वॉर्डवाल्या शॉर्टकट मारणाऱ्या’ असा जो परस्परांविषयीचा समज असतो, तो निदान एका जोडीपुरता तरी कमी होतो.

नव्या अध्यापिकेला दोन-तीन नावांतून निवड करू द्यावी. नियुक्तिपत्रासोबत मार्गदर्शकाचे नाव छापून देणे प्रशासनाला सोपे असते, पण लादलेल्या जोडीत संबंध भेटींच्या सह्यांपुरताच उरतो. तीन महिन्यांनी दोघींपैकी कोणालाही कारण न सांगता जोडी बदलता यावी आणि हे आधीच लेखी नमूद असावे. तसे असले की बदल हा कोणाचाच अपमान ठरत नाही. ज्येष्ठतेची उतरंड परिचर्येत पक्की आहे. गणवेशापासून ते कोणी कोणासमोर बसावे इथपर्यंत ती जाणवते, आणि ‘मॅडम’ या संबोधनाच्या अलीकडे नवी अध्यापिका सहसा येत नाही. संबोधन बदलण्याचा अट्टहास करू नये. मात्र भेट मार्गदर्शकाच्या केबिनमध्ये टेबलाच्या दोन बाजूंना बसून होण्याऐवजी ग्रंथालयात, स्किल लॅबमध्ये किंवा चहाच्या वेळी व्हावी, एवढे सहज करता येते. कधी वयाची उलटापालटही असते. वीस वर्षे शासकीय सेवा केलेली पाठ्यनिर्देशिका आणि तिच्याहून लहान पण अध्यापनात मुरलेली मार्गदर्शक अशी जोडी जुळली, तर देवाणघेवाण दोन्ही दिशांनी आहे हे पहिल्याच भेटीत उघडपणे बोलून घ्यावे. पुरुष अध्यापकांच्या बाबतीत प्रसूती विभागातील पोस्टिंग हा नाजूक प्रश्न असतो. त्याची चर्चा टाळण्यापेक्षा रुग्णेची संमती, सोबत महिला कर्मचारी आणि विभागाचा लेखी नियम यांची माहिती मार्गदर्शकाने आधीच करून द्यावी.

लहान खाजगी महाविद्यालयांत मार्गदर्शक होण्याजोगी एकच ज्येष्ठ व्यक्ती असते आणि बहुधा तीच प्राचार्य असते. अशा ठिकाणी शेजारच्या महाविद्यालयाशी लेखी समजूत करून मार्गदर्शकांची अदलाबदल करावी, अथवा निवृत्त अध्यापिकेला मानधनावर बोलवावे. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती समान असल्याने अशी अदलाबदल येथे वाटते त्याहून सोपी आहे.

पहिले सत्र

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने बी.एस्सी. नर्सिंगला आठ सत्रांची, श्रेयांकांवर आणि क्षमतांवर आधारलेली रचना दिली. क्षमताधारित शिक्षण म्हणजे विद्यार्थिनीने किती तास हजेरी लावली यापेक्षा तिला अखेरीस काय करता येते, याला प्रमाण मानणारे शिक्षण. ज्या अध्यापिका स्वतः जुन्या वार्षिक पद्धतीत शिकल्या, त्यांना आता सत्र पद्धतीत शिकवायचे आहे. म्हणजे विद्यार्थिनी म्हणून घेतलेला अनुभवही त्यांच्या पुरेसा कामी येत नाही. सत्र वीस आठवड्यांचे धरले आणि पंधरवड्यातून एक तास मार्गदर्शनासाठी राखून ठेवला, तर दहा भेटी होतात. एवढ्या भेटी पुरेशा आहेत, मात्र त्या खरोखर व्हाव्यात.

पहिल्या भेटीत गरजांचा अंदाज घ्यावा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या परिचर्या-शिक्षकांच्या मूलभूत क्षमतांचा आधार घेता येतो. प्रौढांच्या शिकण्याची तत्त्वे, अभ्यासक्रम आणि त्याची अंमलबजावणी, प्रत्यक्ष परिचर्या, संशोधन आणि पुरावा, संवाद व सहकार्य, नैतिक व कायदेशीर बाजू, मूल्यमापन आणि नेतृत्व अशी आठ क्षेत्रे त्यात आहेत. नव्या अध्यापिकेने प्रत्येक क्षेत्रात स्वतःला कुठे पाहते ते लिहावे आणि त्यांतील दोनच क्षेत्रे सत्रासाठी निवडावीत. आठही क्षेत्रांचा आराखडा करण्याचा मोह फार असतो आणि त्यातून सुबक तक्ता तयार होण्यापलीकडे काही होत नाही.

पहिले दोन आठवडे नव्या अध्यापिकेने शिकवू नये. मार्गदर्शकाचा वर्ग आणि वॉर्ड पाहावा, आणि शक्य असल्यास ज्यांची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे अशा दुसऱ्या एखाद्या अध्यापिकेचाही तास पाहावा. त्यानंतर एका घटकाचे सहअध्यापन करावे, म्हणजे मांडणी एकीने करावी आणि प्रात्यक्षिक दुसरीने घ्यावे. शिक्षकांची कमतरता असताना हे चैनीचे वाटेल, परंतु पहिल्याच दिवशी तीन विषय आणि दोन वॉर्ड हाती देऊन वर्षअखेरीस राजीनामा स्वीकारणे त्याहून महाग पडते.

वॉर्डातील अध्यापन

मार्गदर्शनाची खरी गरज वॉर्डात असते आणि नेमके तेथेच मार्गदर्शक फिरकत नाही. वर्गातील तास पाहणे सोपे असते, त्याची वेळ ठरलेली असते, निरीक्षणाचा नमुना छापलेला असतो. वॉर्डातील सकाळ मात्र विस्कळीत असते. एका विद्यार्थिनीला ड्रेसिंग पाहायचे असते, दुसरीचा रुग्ण एक्स-रेला गेलेला असतो, तिसरी औषधाच्या ट्रॉलीपाशी उभी असते, आणि परिचारिका कमी असल्याने सिस्टर इन-चार्ज दोन मुलींना परस्पर नमुने पोहोचवायला पाठवते. विद्यार्थिनींना वॉर्डाचे जादा हात समजण्याची ही सवय जुनी आहे. नव्या अध्यापिकेला तिला नकार देणे अवघड जाते, कारण वॉर्डाशी संबंध बिघडले तर पुढचे सगळे पोस्टिंग जड होते. अशा वेळी काय बोलावे, कोणत्या कामाला हो म्हणावे आणि कोणत्या कामाच्या बदल्यात विद्यार्थिनीला शिकण्याची एखादी संधी मागून घ्यावी, ही वाटाघाटीची कला केवळ अनुभवी व्यक्तीकडून, प्रसंग घडत असतानाच शिकता येते.

म्हणून मार्गदर्शकाने सत्रात किमान तीन वेळा नव्या अध्यापिकेसोबत पूर्ण सकाळ वॉर्डात काढावी. पहिल्या वेळी मार्गदर्शकाने शिकवावे आणि नवीने पाहावे, नंतरच्या दोन वेळी उलट. पाहायचे काय, हे आधी ठरवून घ्यावे. पोस्टिंग सुरू होण्यापूर्वीची छोटी चर्चा, म्हणजे प्री-कॉन्फरन्स, किती वेळ चालली आणि त्यात प्रत्येक विद्यार्थिनीला आपला रुग्ण व आजचे उद्दिष्ट समजले का. अध्यापिकेने सांगितले किती आणि विचारले किती. दहा जणींपैकी कोणत्या दोघी-तिघी दिवसभर तिच्या नजरेतून सुटल्या. पोस्टिंग संपल्यावरच्या चर्चेत पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ लावला गेला की केवळ उद्याची असाइनमेंट सांगून सगळे पांगले. नव्या अध्यापिकेचा वेळ बहुधा पहिल्या एक-दोन खाटांपाशीच संपतो आणि शेवटच्या खाटेवरील विद्यार्थिनी तिला थेट साडेबाराला भेटते. हे तिला स्वतःला कळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला लगेच दिसते.

चूक होऊ घातली असता हस्तक्षेप कधी करावा, हा वॉर्डातील अध्यापनाचा सर्वांत कठीण भाग आहे. विद्यार्थिनीने इन्सुलिनची मात्रा चुकीची भरली असेल, तर थांबवणे अनिवार्यच आहे. प्रश्न ते कसे करावे हा आहे. रुग्णासमोर ‘अगं, हे काय करतेस?’ असे ओरडले की रुग्णाचा विश्वास जातो, नातेवाईक घाबरतात आणि विद्यार्थिनी पुढचे सहा महिने सिरिंज धरताना थरथरते. ‘रुग्णाला देण्यापूर्वी आपण दोघी एकदा ऑर्डर आणि युनिट पुन्हा वाचू या’ असे म्हणून तिला ट्रॉलीपाशी नेले, तर मात्रा दुरुस्त होते, कारणही समजते आणि दुहेरी पडताळणीची सवय लागते. याउलट, पलंगाची चादर घालताना कोपरा नीट दुमडला गेला नाही, एवढ्यासाठी मध्ये पडू नये. ते काम तिला पूर्ण करू द्यावे आणि नंतर विचारावे. धोका आणि गैरसोय यांतील ही सीमारेषा मार्गदर्शकाने प्रत्येक वॉर्डासाठी उदाहरणांनिशी आखून द्यावी. विद्यार्थिनीची चूक प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचलीच, तर घटना-अहवाल कसा भरायचा, डॉक्टर व सिस्टर इन-चार्ज यांना कोणत्या क्रमाने कळवायचे आणि विद्यार्थिनीशी त्या दिवशी काय बोलायचे, हेही प्रसंग येण्याआधी ठाऊक असावे.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्रातील वॉर्डात रोजचा आहे. अध्यापन आणि नोंदी इंग्रजीत होतात, बऱ्याच विद्यार्थिनी मराठी माध्यमातून आलेल्या असतात आणि रुग्ण अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलतो. तो ठणका, चमक आणि कळ यांत फरक करत असताना नोंदीत मात्र सरसकट एकच ‘पेन’ उतरत असेल, तर मूल्यांकनातच उणीव राहिली. प्री-कॉन्फरन्स मराठीत घ्यावी, माहिती रुग्णाच्या बोलीत विचारावी, नोंद करताना मात्र विद्यार्थिनीकडून इंग्रजी वाक्य घडवून घ्यावे, अशी पद्धत अनेक जाणत्या अध्यापिका वापरतात. तिचा उल्लेख कोणत्याही पाठनियोजनात नसल्याने ती नव्या अध्यापिकेपर्यंत तोंडीच पोहोचवावी लागते.

निरीक्षणानंतरचे बोलणे

निरीक्षणानंतर काय आणि कसे बोलावे, यासाठी डेव्हिड पेंडलटन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली वैद्यकीय शिक्षणासाठी मांडलेला क्रम बराच प्रचलित आहे : काय चांगले झाले ते आधी शिकणाऱ्याने सांगावे, नंतर निरीक्षकाने, त्यानंतर काय वेगळे करता आले असते तेही आधी शिकणाऱ्याने सांगावे आणि मग निरीक्षकाने. या क्रमामुळे शिकणाऱ्याची प्रतिष्ठा राखली जाते. त्याचा दोष असा की तो लवकरच उपचार बनतो. कौतुकाचे पहिले वाक्य ऐकताच ऐकणारी ‘पण’ची वाट पाहू लागते. म्हणून क्रमापेक्षा तपशिलाला जपावे. ‘तास छान झाला, थोडा आत्मविश्वास वाढवा’ या वाक्यातून कोणालाही काही मिळत नाही. ‘पहिल्या वीस मिनिटांत सात प्रश्न विचारले गेले आणि सातही वेळा उत्तर येण्याआधीच ते देण्यात आले’ असे सांगितले, तर पुढच्या तासाला काय बदलायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. एका भेटीत एकच बदल सुचवावा. निरीक्षण आणि बोलणे यांत दोन दिवसांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये.

या बोलण्याच्या टिपणांवर मालकी नव्या अध्यापिकेची असावी. ती टिपणे सेवापुस्तिकेत, गोपनीय अहवालात किंवा तपासणीच्या फाइलीत जाऊ नयेत. महाविद्यालयाला भेट झाल्याची तारीख कळली तरी पुरे. गोपनीयतेला अपवाद दोनच, रुग्णाच्या जिवाला असलेला धोका आणि छळाची तक्रार. लैंगिक छळाच्या बाबतीत मार्गदर्शकाने स्वतः चौकशी किंवा समेट करण्याच्या भानगडीत पडू नये. २०१३ च्या कायद्यानुसार असलेल्या अंतर्गत समितीकडे जाण्याचा मार्ग दाखवावा आणि तेथपर्यंत सोबत करावी.

गुणदान आणि संशोधन

प्रात्यक्षिक परीक्षेत गुण देणे नव्या अध्यापिकेला फार जड जाते आणि ती एक तर सर्वांना सारखे गुण देते किंवा अकारण कठोर होते. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेला पिरॅमिड येथे उपयोगी पडतो. त्यात माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे अशा चार पायऱ्या आहेत. तोंडी परीक्षेत पहिली पायरी तपासून तिसरीचे गुण देणे ही सर्रास होणारी चूक आहे. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेली ऑस्की पद्धत, जिच्यात विद्यार्थी ठरावीक वेळेत एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जाऊन नेमून दिलेली कृती करून दाखवतात आणि परीक्षक चेकलिस्टनुसार गुण देतात, ती याच उणिवेवरचा उपाय आहे. सर्वांत परिणामकारक सराव मात्र साधा आहे. अंतर्गत परीक्षेच्या दहा उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती काढाव्यात, दोघींनी त्या एकमेकींचे न पाहता तपासाव्यात आणि जेथे गुणांत मोठा फरक पडला तेथे कारण शोधावे. एका दुपारच्या या उद्योगातून आदर्श उत्तर कसे लिहावे, प्रश्नच कोठे संदिग्ध होता आणि आपल्याला सुवाच्य अक्षराची किती भुरळ पडते, हे सारे बाहेर येते.

संशोधनाबाबत थोडक्यात एवढेच सांगणे पुरे की पहिल्या वर्षी नव्या अध्यापिकेवर शोधनिबंधाचा तगादा लावू नये. पुढे पीएच.डी.चा विचार सुरू झाला, की भारतीय परिचर्या परिषदेच्या पुढाकाराने २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पीएच.डी. कन्सॉर्शियमसह उपलब्ध मार्गांची माहिती मार्गदर्शकाने द्यावी. लेखनात प्रत्यक्ष वाटा नसताना मार्गदर्शकाने लेखकांच्या यादीत आपले नाव घालू नये. हा नियम अनेक ठिकाणी मोडला जातो आणि त्यासारखे विश्वास उडवणारे दुसरे काही नाही.

मार्गदर्शकाचा वेळ

मार्गदर्शन हे मोठ्या मनाच्या व्यक्तींनी फावल्या वेळात करायचे काम आहे, असे गृहीत धरले की ते सर्वांत व्यग्र अध्यापिकेच्या माथी पडते आणि काही आठवड्यांत विरून जाते. मार्गदर्शकाच्या कार्यभारातून पंधरवड्याचा तास आणि वॉर्डातील तीन सकाळी अधिकृतपणे वजा कराव्यात, एका वेळी एका मार्गदर्शकाकडे दोनपेक्षा अधिक अध्यापिका देऊ नयेत आणि नव्या मार्गदर्शकांना निरीक्षण कसे करावे, कसे बोलावे याचे किमान एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. चांगली परिचारिका आपोआप चांगली शिक्षिका होत नाही, तशीच चांगली शिक्षिकाही आपोआप मार्गदर्शक होत नाही. वर्षअखेरीस उपक्रमाचा हिशेब मांडताना भेटींची छायाचित्रे मोजू नयेत. नवी अध्यापिका टिकली का, वॉर्डातील तिच्या पोस्टिंगविषयी सिस्टर इन-चार्ज काय म्हणतात, आणि पुढील वर्षी येणाऱ्या नव्या सहकाऱ्यासाठी ती स्वतः काही करू इच्छिते का, हे तीन प्रश्न विचारावेत. क्रॅम यांनी म्हटल्याप्रमाणे या नात्यात विलगीकरणाचाही एक टप्पा येतो. दोन वर्षांनी जोडी औपचारिकपणे मोकळी करावी आणि पुढे दोघींनी सहकारी म्हणून वागावे. ज्येष्ठांनी धरून ठेवलेली शिष्या स्वतंत्र निर्णय घ्यायला कचरते.

प्राचार्यांना विनंती एवढीच की पुढील सत्राचे मास्टर रोटेशन आखायला बसाल, तेव्हा नव्या अध्यापिकांचे आणि त्यांच्या मार्गदर्शकांचे तास आधी भरा आणि बाकीचे वेळापत्रक त्यांना धरून बसवा. ते शेवटी भरायला ठेवले तर त्यांना जागा उरत नाही.